दलाल नेमका कोणाचा?

दलाल या शब्दाला मराठीत कधी चांगले दिवस आले नाहीत. राजकारण्याला हिणवायचे असले की त्याला कोणाचा तरी दलाल म्हणायचे, शेतमालाचे भाव पडले की बोल दलालाला, लग्ने जमवणाऱ्यालाही रागाच्या भरात तोच शब्द. आणि तरीही मुलाचे लग्न ठरले, दोन खोल्यांत भागेनासे झाले किंवा निवृत्तीची रक्कम हातात पडली की आपला पहिला फोन जातो तो दलालालाच. त्याने स्वतःला इस्टेट एजंट म्हणवून घेतले, अलीकडे 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' अशी पाटी लावली, तरी संध्याकाळी घरात विचारणा होते ती 'दलाल काय म्हणाला?' अशीच.

तो किती टक्के घेतो हे आपल्याला ठाऊक असते. त्यावर आपण घासाघीसही करतो. पण तो कोणाचा माणूस आहे, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे आपण विचारत नाही. विचारले तर त्यालाही उत्तर देता येईल की नाही, याची मला शंका आहे.

हाच प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला आणि २०२४ साली तिथल्या घरखरेदीची रीतच बदलून गेली. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे तिकडे घरे घेत असतात आणि त्या घराच्या पहिल्या हप्त्यात इकडच्या आईवडिलांची पुंजीही कधीकधी जाते, म्हणून ती हकिकत इथे सांगण्याजोगी आहे. पण तेवढ्यापुरतीच नव्हे. तिकडे जे कागदावर आले, ते आपल्याकडे अजून तोंडीच चालले आहे.

अमेरिकेत घर विकणारा माणूस एका एजंटाशी करार करतो. विक्री झाली की किमतीच्या पाच ते सहा टक्के कमिशन द्यायचे, असा साधारण रिवाज. हा एजंट ते घर स्थानिक एजंटांच्या सामाईक यादीत नोंदवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही पद्धत रुजत गेली. एका गावातले एजंट ठराविक दिवशी एकत्र जमायचे, आपापल्या हातातली घरे सांगायचे आणि 'माझे घर तू विकलेस तर कमिशनमधला वाटा तुझा' असे ठरवून उठायचे. आपल्याकडेही दलाल एकमेकांच्या डायऱ्यांवरच धंदा करतात. वरळीच्या दलालाकडे बोरिवलीचे गिऱ्हाईक आले तर तो बोरिवलीच्या दलालाला फोन लावतो आणि दलाली अर्धी-अर्धी होते. तीच ही गोष्ट, फक्त अमेरिकनांनी तिचे नियम लिहून काढले आणि पुढे ती संगणकावर चढवली.

यात गंमत अशी की घर दाखवायला घेणाऱ्याला गाडीत बसवून नेणारा, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करणारा, 'हे नको, अंधारे आहे' असे सांगणारा एजंटसुद्धा कायद्याने विकणाऱ्याचाच उपएजंट असे. म्हणजे गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगावे, 'चार लाख म्हणू, पण सव्वाचारपर्यंत जायची तयारी आहे आमची', आणि ते विकणाऱ्याच्या कानावर घालणे हे त्या एजंटाचे कर्तव्यच ठरावे! तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८३ साली या धंद्याचा अहवाल काढला तेव्हा आढळले, की बहुसंख्य घेणारे त्या माणसाला आपलाच प्रतिनिधी समजत होते. त्यानंतर ओरड झाली, राज्याराज्यांत कायदे बदलले, आणि नव्वदच्या दशकात घेणाऱ्याचा स्वतंत्र एजंट ही कल्पना रुळली.

एजंट घेणाऱ्याचा झाला, पण त्याचे पैसे मात्र पूर्वीच्याच नळातून येत राहिले. विकणारा आपल्या एजंटाला सहा टक्के देणार आणि त्यातले अडीच-तीन टक्के तो समोरच्या एजंटाला देणार. घर यादीत घालायचे तर समोरच्यासाठी काही ना काही वाटा जाहीर केलाच पाहिजे, असा एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेचा, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचा नियमच होता. हा वाटा किती, ते बरीच वर्षे यादीवर एजंटांना दिसे आणि ग्राहकाला दिसत नसे. त्यामुळे ज्या घरावर तीन टक्के ते घर आधी दाखवायचे आणि ज्यावर एक टक्का ते 'आजच गेले हो' असे सांगायचे, हा मोह कोणालाही व्हावा. एजंट देवमाणसे नसतात. बँकेचे अधिकारीही नसतात. वर घेणाऱ्याला सांगितले जाई, की आमची सेवा तुम्हाला अगदी मोफत आहे.

आता कोर्टाची गोष्ट. आश्चर्य म्हणजे दावा घेणाऱ्यांनी लावला नाही, विकणाऱ्यांनी लावला. मिसुरी राज्यातल्या काही घरमालकांनी २०१९ साली तक्रार केली, की जो माणूस आमच्याविरुद्ध भाव पाडायला बसला आहे त्याची फी आम्ही का द्यायची? वादीने प्रतिवादीच्या वकिलाची फी भरावी असा हा प्रकार. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीने तीन तासांच्या आत निकाल दिला: संघटना आणि बड्या दलाली कंपन्या यांनी संगनमताने कमिशन चढे ठेवले, नुकसानभरपाई सुमारे १७८ कोटी डॉलर. तिथल्या मक्तेदारीविरोधी कायद्याप्रमाणे ही रक्कम तिप्पट होऊ शकते. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर भरण्याचे कबूल करून तडजोड केली आणि नियम बदलण्याचे मान्य केले. संघटना म्हणते, आमची चूक आम्ही कबूल केलेली नाही. तडजोडीत असे म्हणायची रीतच आहे.

१७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू झाले. त्यातले दोन महत्त्वाचे. सामाईक यादीवर समोरच्या एजंटाचा वाटा जाहीर करायचा नाही. आणि घेणाऱ्याला एखादे घर आतून दाखवण्याआधी एजंटाने त्याच्याशी लेखी करार करायचा. त्या करारात मोबदल्याचा आकडा किंवा टक्का स्पष्ट हवा. 'विकणारा जे देईल ते' असले मोघम शब्द चालणार नाहीत. करारात लिहिल्याहून अधिक रक्कम एजंटाला कोणाकडूनही, कोणत्याही वाटेने घेता येणार नाही. आणि कमिशनचा दर कायद्याने ठरलेला नसून घासाघीस करता येते, हे त्यात ठळकपणे छापलेले असले पाहिजे. शेवटचा नियम मला फार आवडला. दुकानदाराने आपल्याच हाताने 'भाव करा' अशी पाटी लावावी, असे क्वचितच घडते.

त्याच दिवसांत न्यू जर्सीतून माझ्या भाचीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा एडिसनच्या आसपास घर बघत होते. न्यू जर्सीने तर त्याच ऑगस्टमध्ये स्वतःचा वेगळा कायदाही लागू केला होता. ती वैतागलेली होती. "मामा, मुलगा बघायच्या आधीच साखरपुडा करायला सांगतायत हे लोक! दार उघडायच्या आधी आठ पानांवर सह्या. आमच्या मैत्रिणीने गेल्या वर्षी घर घेतलं, तिला एक कागद नाही द्यावा लागला."

तो कागद तिने मला पाठवला. कर्जाचे करारनामे वाचण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेलेली असल्यामुळे असला मजकूर मला कादंबरीपेक्षा लवकर वाचून होतो. कागद वाईट नव्हता. त्यात तीन टक्के लिहिले होते, मुदत सहा महिन्यांची होती, आणि त्या काळात संपूर्ण जिल्ह्यातले कोणतेही घर कोणाकडूनही घेतले तरी कमिशन या एजंटाला द्यायचे होते. मुदत संपल्यावरही, एजंटाने दाखवलेले घर पुढच्या काही महिन्यांत घेतले तर कमिशन लागू. हे शेवटचे कलम अन्यायाचे नाही. माणसाने दहा रविवार तुम्हाला फिरवायचे आणि तुम्ही मुदत संपायची वाट बघून त्याला डावलायचे, हा व्यवहारही बरा नव्हे. पण 'दाखवलेले घर' म्हणजे कोणते, याची यादी लेखी मागा, असे मी तिला सांगितले. नाहीतर फोनवर पाठवलेल्या दीडशे फोटोंनाही 'दाखवले' म्हणतील.

मग आम्ही हिशेब मांडला. घर सहा लाख डॉलरचे धरले. तीन टक्के म्हणजे १८,००० डॉलर. विकणारा अजूनही समोरच्या एजंटाचे पैसे द्यायला तयार असू शकतो, त्याला मनाई नाही. फक्त ते यादीवर छापायचे नाही, सौद्यात बोलायचे. त्याने दोन टक्के, म्हणजे १२,००० कबूल केले, तर उरलेले ६,००० भाचीने आपल्या खिशातून द्यायचे. त्याने काहीच दिले नाही तर पुरते अठरा हजार तिच्या डोक्यावर. आणि बँकवाल्याच्या दृष्टीने खरी मेख इथे आहे: ही रक्कम गृहकर्जात घालता येत नाही. सहा लाखांचे घर घेताना अठरा हजार महिन्याच्या हप्त्यात विरघळून जातात, पण तेच रोख मोजायचे म्हटले की पहिल्यांदा घर घेणाऱ्या जोडप्याचा घाम निघतो. निवृत्त सैनिकांना सरकारी हमीवर जे कर्ज मिळते, त्यात तर घेणाऱ्याने एजंटाला पैसे देण्यास पूर्वी मनाईच होती. नव्या नियमांमुळे हे लोक एजंटाशिवाय राहतील, हे लक्षात आल्यावर सरकारला ऑगस्ट २०२४ मध्ये घाईघाईने ती मनाई बाजूला ठेवावी लागली.

भाचीने पहिल्या दिवशी फक्त त्या एका घरापुरता, त्या एका दिवसाचा करार मागितला. एजंट आधी नाराज झाली, मग तयार झाली. ते घर यांना आवडले नाही, बाई मात्र आवडली, कारण तळघरातली ओल तिनेच दाखवली. मग तीन महिन्यांचा, एका तालुक्याएवढ्या भागापुरता आणि दोन टक्क्यांचा करार झाला. सगळ्यांनाच असे जमेल असे नाही. घरे कमी आणि घेणारे फार, अशा गावात एजंटाचा वरचष्मा असतो. त्यामुळे तिकडे कमिशन धाडकन खाली येईल असे जे भाकीत होते, तेही खरे ठरले नाही. घेणाऱ्याच्या एजंटाचा दर पहिल्या वर्षभरात अडीच टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला आणि बहुतेक सौद्यांत तो विकणाऱ्याच्याच पैशांतून जात राहिला.

मग बदलले काय, असे कोणी विचारील. इथे मला आपल्या बाजार समितीतली अडत आठवते. वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली जात असे. २०१६ च्या जुलैत फळे-भाजीपाला नियमनातून मोकळा झाला आणि अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. त्या वेळी पुष्कळ शहाण्या माणसांनी सांगितले, की यात काही अर्थ नाही. खरेदीदार अडत देणार असेल तर तो तेवढा भाव कमी पुकारील, शेतकऱ्याच्या हाती पडायचे तेवढेच पडेल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे बरोबर आहे. घराच्या सौद्यातही तसेच: पैसे आणतो तो घेणाराच, एजंटाचे कमिशन कोणाच्याही हातून गेले तरी ते त्याच थैलीतून निघते. विकणाऱ्याने ते दिले म्हणजे ते किमतीत आधीच मिळवलेले असते.

पण पट्टीतून परस्पर कापलेला रुपया आणि स्वतःच्या हाताने मोजून दिलेला रुपया, यांत माणसाच्या वागण्याचा फरक पडतो. मोजून देणारा विचारतो, 'कशाचे?' हा प्रश्न एकदा विचारला गेला, की दुसरा आपोआप येतो: 'मी पैसे देतोय तर तू माझ्या बाजूने बोलणार ना?' अमेरिकेतल्या त्या आठ पानांचे मोल मला यात दिसते. कमिशन कमी झाले नाही तरी चालेल, पण सही करताना तो माणूस कोणाचा, हे ठरून जाते.

टक्केवारीबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. विकणाऱ्याच्या एजंटाला टक्क्याने पैसे मिळाले तर निदान त्याचे आणि मालकाचे हित एका दिशेने धावते, असे वाटते. तेही पुरते खरे नाही. शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी सुमारे लाखभर घरविक्रींचे आकडे तपासले तेव्हा दिसले, की एजंट जेव्हा स्वतःचे घर विकतात तेव्हा ते साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि साडेतीन टक्क्यांहून अधिक किंमत मिळवतात. गिऱ्हाइकाच्या घरासाठी मात्र 'आलेला भाव चांगला आहे, सोडू नका.' कारण उघड आहे. दहा हजार डॉलर जास्त मिळाले तर मालकाला त्यातले नऊ हजार चारशे आणि एजंटाच्या हातात शेवटी दीडशे. दीडशे डॉलरसाठी आणखी दहा दिवस कोण खपेल? आणि घेणाऱ्याच्या एजंटाचे तर गणितच उलटे. त्याने तुमच्यासाठी भाव पाडला की त्याचेच कमिशन कमी! ज्याने पैसे वाचवावेत अशी अपेक्षा, त्याला पैसे वाचवल्याबद्दल दंड. घेणाऱ्याने एजंटाशी टक्क्याऐवजी ठोक रकमेचा करार करावा, हेच शहाणपणाचे. तिकडच्या नियमांत त्याला पूर्ण मुभा आहे, पण लोक अजून टक्क्यातच बोलतात. सवयीचा जोर मोठा असतो.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई-पुण्यात जुन्या फ्लॅटच्या विक्रीत दलाल दोन्ही बाजूंकडून एक-एक, दोन-दोन टक्के घेतो. पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट धरा. दोन टक्क्यांनी तुमचे १,६०,००० आणि विकणाऱ्याचेही तेवढेच. दलाल जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी २८,८००. बँक ८० टक्के कर्ज देईल, म्हणजे १६ लाख तुमचे. स्टॅम्प ड्यूटी सात टक्क्यांनी ५,६०,०००, नोंदणीचे ३०,०००. एकूण पावणेचोवीस लाखांच्या वर रोकड हातात हवी. गृहकर्जाच्या टेबलावर बसलो असताना मी कितीतरी जोडपी पाहिली, जी सोळा लाखांची जुळवाजुळव करून आलेली असत आणि बाकीचा आकडा ऐकून गप्प होत. मग बाईंच्या हातातल्या बांगड्यांकडे नवऱ्याची नजर जाई. त्या नजरा मला अजून आठवतात.

अशाच एका व्यवहारात सोसायटीच्या कागदांत मला खोट सापडली. आधीच्या मालकाने एक करारनामा नोंदवलेलाच नव्हता आणि वर दोन वर्षांचा मेंटेनन्स थकलेला. दलाल समोरच बसला होता. त्याला हे ठाऊक होते. तोच फ्लॅट त्याने आधी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला दाखवला होता आणि ते याच कारणाने परत गेले होते. मी विचारले, "या लोकांना आधी का नाही सांगितलंत? यांच्याकडूनही दोन टक्के घेताय ना?" तो अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, "साहेब, मी यांचा पण नाही अन् त्यांचा पण नाही. मी सौद्याचा माणूस."

मला त्याचा राग आला नाही, कारण त्याने खरे सांगितले होते. सौदा झाला तर दोन्हीकडून पैसे, मोडला तर कोणाकडूनच नाहीत. मग तो सौद्याशी इमान राखणार, नाहीतर कोणाशी? अमेरिकेत असा दोन्हीकडचा एजंट व्हायचे तर दोघांची लेखी संमती लागते, आणि फ्लोरिडा, कोलोरॅडोसारख्या काही राज्यांत तर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधित्व एकाच एजंटाला करताच येत नाही. इंग्लंडात एजंट सरळसरळ विकणाऱ्याचा असतो आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तो आपला वकील नि आपला सर्व्हेअर घेऊन येतो. आपल्याकडे दोघांचे पैसे घेणे हाच रिवाज आहे, आणि संमती कोणी मागत नाही.

नव्या इमारतीत वेगळाच प्रकार. तिथे दलालाचे नाव 'चॅनेल पार्टनर' आणि त्याचे पैसे बिल्डर देतो. 'सर, तुम्हाला एक रुपया द्यायचा नाही,' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. अमेरिकेतल्या त्या 'मोफत' सेवेचे हे सख्खे भावंड. ज्या इमारतीतले फ्लॅट खपत नाहीत तिथे कमिशन चढते, आणि नेमकी तीच इमारत तुम्हाला रविवारी आधी दाखवली जाते. जाहिरातीतल्या मोफत मोड्युलर किचनसारखेच हे पैसेही चटईक्षेत्राच्या दरात बसलेले असतात.

कायदा अगदीच नाही असे नव्हे. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, हिशेबवह्या ठेवायला लावल्या आणि प्रकल्पाची सगळी माहिती नि कागदपत्रे ग्राहकाला मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य ठरवले. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला दहा हजार रुपये दंड. महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली, हे चांगलेच झाले. पण हे सारे रेरात नोंदलेल्या प्रकल्पांपुरते. तीस वर्षांच्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट कोथरूडमध्ये किंवा डोंबिवलीत हातोहात विकला जातो, तिथे हा कायदा पोहोचत नाही. आणि मध्यमवर्गीय माणूस पुष्कळदा तोच फ्लॅट घेत असतो.

तिथे उरतो तो १८७२ चा भारतीय करार कायदा. या जुन्या कायद्यात एजंटावर एक अख्खे प्रकरण आहे आणि ते वाचताना इंग्रजांच्या काळातल्या कायदेपंडितांचे कौतुक वाटते. एजंटाने मालकाच्या कामात आपला स्वतःचा स्वार्थ लपवून ठेवला तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. आणि वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय एजंटाचे पैसे देणे लागत नाहीत. टोकन दिल्याबरोबर अर्धी दलाली मागणाऱ्याला हे कलम दाखवायला हरकत नाही. पण हा कायदा कामी यायचा तर तो माणूस आपला एजंट होता हे आधी शाबीत व्हावे लागते, आणि आपल्याकडे त्याचा कागदच नसतो. अनेकदा पावतीही नसते. दलाली रोख द्यायची, कारण तो म्हणतो 'बिल घेतलंत तर जीएसटी पडेल.' घेणारा ते मान्य करतो आणि दहा वर्षांनी घर विकताना खरेदीच्या खर्चात ती दलाली दाखवायला त्याच्याकडे काही नसते. चेकने द्या, पावती घ्या, एवढे तरी माझ्यासारख्या निवृत्त माणसाचे ऐका.

माझी मागणी मोठी नाही. जुन्या घरांच्या व्यवहारासाठीही महारेराने किंवा राज्य सरकारने एक पानाचा नमुना ठरवून द्यावा. आठ पाने नकोत. ती इथे कोणी वाचणार नाही. दलाल कोणाच्या बाजूचा, की दोघांच्या. कोणाकडून किती रक्कम घेणार. ती केव्हा देय होणार, टोकनला की नोंदणीला. सौदा मोडला तर काय. आणि या फ्लॅटबद्दल त्याला ठाऊक असलेली थकबाकी, खटला, गळती, पुनर्विकासाचा वाद. खाली त्याची सही आणि तुमची. नोंदणी कार्यालयात खरेदीखताला हे पान जोडणे सक्तीचे केले, तर दलालांचा विरोध होईल हे उघड आहे. अडत्यांनीही केला होता. पण धंदा नेकीने करणारे दलाल मला पुष्कळ माहीत आहेत. जिने चढून, उन्हात उभे राहून, विधवा बाईंच्या फ्लॅटची वारसनोंद करून देऊन ज्यांनी आपले दोन टक्के खरोखर कमावले, त्यांना या पानाची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट 'दलाल' म्हणून मान खाली घालून बसण्यापेक्षा एखाद्याच्या बाजूने उघडपणे बोलायची सोय त्यांना मिळेल.

सरकार हे करीपर्यंत नमुन्याची वाट बघण्याची गरज नाही. वहीचे साधे पान चालते. पुढच्या रविवारी घर बघायला निघण्यापूर्वी, दलालाने स्कूटरला किक मारायच्या आधी, त्याच्यापुढे ते ठेवता येईल.